ठेवलं म्हणायचं

त्यांच्या घराचं दार मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते कोणी उघडलंच नाही. मी बेल वाजवली, आत कडी सरकल्याचा आवाज आला, दार हळूहळू आत गेलं आणि दारामागे कोणी नव्हतं. हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, काटक, म्हातारे गृहस्थ खुर्चीत ताठ बसले होते. त्यांच्या हातात दोरी होती. ती दोरी खुर्चीपासून निघून भिंतीवरच्या एका कप्पीवरून दुसऱ्या कप्पीवर आणि तिथून शोकेसच्या मागून दाराच्या कडीपर्यंत गेली होती. मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला खोली शोधत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना चालता येत नसावं. तेवढ्यात ते ताडकन उठले, चार ढांगांत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पर्स खाली ठेवायची असेल तर सांगून ठेवायची."

"कोणाला सांगायचं?"

"घरात जो असेल त्याला. 'ठेवलं' म्हणायचं. मोठ्याने."

मी पर्स सोफ्यावर ठेवली आणि अनोळखी घरात, अनोळखी माणसासमोर, मोठ्याने "ठेवलं" म्हणाले. स्वयंपाकघरातून एका बाईंचा आवाज आला, "बघितलं!" मध्ये अख्खी भिंत होती. त्यांना माझी पर्स दिसणं शक्यच नव्हतं. पण त्या घरात असं उत्तर द्यायची पद्धत होती आणि बाईंना तिची चाळीस वर्षांची सवय होती.

नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या त्या चार मजली सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, मी तीन वर्षं राहिले. घर नाशिकला, नोकरी पवईला. सोसायटीत त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. दारावरच्या पाटीवरही तेवढंच होतं. मी तोंडावर काका म्हणायचे, पण मनात सुभेदारच म्हणत आले. त्यांच्या बायकोला काकू म्हणायचे. दोघं मूळची मालवणकडची. एकमेकांशी मालवणीत भांडायची आणि माझ्याशी बोलताना मराठीवर यायची, पण रंगात आली की विसरायची.

सुभेदारांनी सैन्यातलं सगळं आयुष्य बॉम्ब निकामी करण्याच्या कामात घालवलं होतं. कुठे, किती, कसे, यातलं ते चकार शब्द सांगत नसत. मी एकदा फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, "बॉम्ब? होते. आता नाहीत." संपली कथा. बॉम्बऐवजी अवजारांबद्दल विचारलं असतं तर मात्र मला ऑफिसला रजा टाकावी लागली असती.

हूक आणि दोरी हा त्यांचा जीव की प्राण. आपल्याला सिनेमामुळे वाटतं, बॉम्ब निकामी करणारा म्हणजे हातात पक्कड, कपाळावर घाम आणि लाल वायर कापू की निळी अशा पेचात बसलेला माणूस. सुभेदारांना या माणसाचा मनापासून राग होता. टीव्हीवर तो दिसला की ते उठून गॅलरीत जायचे आणि तिथून ओरडायचे, "अरे हात कशाला लावतोय तो? दोरी खंय गेली त्याची?" त्यांच्या मते निम्मं काम दोरीचंच. संशयित वस्तूला हूक अडकवायचा, दोरी कप्पीवरून घ्यायची, लांब जाऊन भिंतीआड बसायचं आणि मग ओढायचं. जे व्हायचं ते तिकडे होऊ दे. "हात लांब करायचा गो," ते म्हणायचे, "मान नाही." हे वाक्य त्यांनी मला रिक्षातून उतरताना, उकळता चहा ओतताना आणि एकदा तर लग्नासाठी आलेलं स्थळ बघायला जातानाही ऐकवलं आहे. त्या स्थळाच्या बाबतीत ते अगदी बरोबर निघालं.

निवृत्त होताना सरकारी खिळासुद्धा घरी आणला नाही, हे ते दर पंधरा दिवसांनी सांगत. पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी सगळा संच घरीच जमवला. मुलुंडच्या एका हार्डवेअरवाल्याला त्यांनी जेरीला आणलं होतं. स्फोटकांच्या जवळ लोखंड नको, एक ठिणगी पुरे, म्हणून हातोडी पितळेची, पाने पितळेचे, पाचरी लाकडाच्या. सुभेदार खिशात चुंबक घेऊन जायचे आणि दुकानातल्या प्रत्येक वस्तूला लावून बघायचे. चिकटली की नापास. "आजोबा, पितळेच्या हातोडीने तुम्ही ठोकणार काय?" दुकानदाराने विचारलं, तर म्हणाले, "काहीच नाही. म्हणून तर पाहिजे."

दाताच्या डॉक्टरकडचा छोटा गोल आरसा त्यांनी जुन्या रेडिओच्या अँटेनाला बसवला होता. तिची एकेक कांडी बाहेर ओढली की ती हात-दीड हात लांब व्हायची आणि कोपऱ्याआड काय आहे ते मान न काढता दिसायचं. या आरशातून ते कपाटाखाली बघत, गॅलरीतून खालच्या मजल्यावरचं बघत, आणि जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी उभे नाहीत ना याचीही खात्री करून घेत. दोरीची तर वेगळीच गोष्ट. ताणणारी दोरी त्यांना चालत नसे. "ताणली जाते ती दोरी खोटं बोलते. इथे हातभर ओढलंस तर तिथे हातभरच हललं पाहिजे." मासे घेऊन येणाऱ्या कोळीणमावशींकडे त्यांनी होडीवरची, अजिबात न ताणणारी दोरी मागितली. मावशींनी टोपली खाली ठेवली, "ठेवलं गं बाय" असं म्हणाल्या, कारण एव्हाना त्यांनाही सवय झाली होती, आणि कंबरेवर हात ठेवून विचारलं, "अजिबात ताणत नाय? मग दोरी कशाला, सळई घे ना!" पण पुढच्या आठवड्यात त्यांनी पापलेटबरोबर दोरीचं भेंडोळं आणून दिलं.

ही सगळी आयुधं ठेवायला काकूंनी शिलाई मशीनवर खाकी कापडाची एक गुंडाळी शिवली होती. प्रत्येक अवजाराला त्याच्या मापाचा खण. सुभेदार डोळे मिटून हात घालायचे आणि मागाल ते काढून दाखवायचे. पाहुणे आले की हा कार्यक्रम व्हायचाच, पोहे त्यानंतर.

घरातल्या नियमाचं मूळ याच कामात होतं. आपण ठेवलेली नाही त्या वस्तूला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. म्हणून जो काही ठेवेल त्याने "ठेवलं" म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने "बघितलं" म्हणायचं. दुसरा नियम असा की धोक्याच्या वस्तूकडे पुढे जाणारा एकच. बाकीच्यांनी मागे राहायचं. आणि तिसरा, जो त्यांना सगळ्यात प्यारा होता, तो म्हणजे पुढे जाऊन आलेल्या माणसाने जे सांगितलं त्यावर मागच्याने शंका घ्यायची नाही. "तो बघून आलाय. तू नाही आलास. विषय संपला."

माझ्या पहिल्याच ऑनलाइन पार्सलच्या बाबतीत पुढे जाणारे अर्थातच ते होते. मी ऑफिसातून आले तर जिन्यावर चार-पाच माणसं दाटीवाटीने उभी. वर आमच्या दारासमोर माझा खोका, त्याला हूक लावलेला, दोरी घरातून बाहेर आलेली. "ओढतो!" आतून आरोळी आली. खोका फाटला आणि त्यातून माझा गुलाबी नाइट गाऊन, हुकाला लटकत, डिलिव्हरीवाल्याच्या, दोन शेजारणींच्या आणि सेक्रेटरींच्या डोळ्यांसमोरून सरसर हॉलमध्ये गेला. "वस्तू साफ," सुभेदारांनी जाहीर केलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर चिक्कीचा पुडा ठेवला, "ठेवलं" म्हणाले आणि माझ्या तोंडून "बघितलं" निघाल्याशिवाय हलले नाहीत.

कुकरचा प्रसंग तर सोसायटीत अजून सांगतात. एका रविवारी कुकरची शिटी होईना. काकू नुसतं म्हणाल्या, "आज शिटी का होत नाही?" झालं! सुभेदारांनी आम्हा दोघींना जिन्यात काढलं, समोरच्या बिऱ्हाडाला खाली पाठवलं आणि एकटे स्वयंपाकघरात शिरून गॅस बंद करून आले. इथपर्यंत शहाणपण होतं. पण मग कुकर गार होईपर्यंत थांबतील तर ते सुभेदार कसले? त्यांनी शिटीला हूक लावला, दोरी खिडकीच्या गजावरून घेतली आणि हॉलमधून ओढली. जो काही आवाज झाला तो नाहूर स्टेशनच्या फलाटावर ऐकू गेला असावा. मग धुरकट वाफेतून ते बाहेर आले. "वस्तू निकामी. जखमी कोणी नाही. नुकसान, वरण."

काकू छताकडे बघत म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबला असतात तर आपोआप गार झाला असता."

"आपोआप?" सुभेदारांना हा शब्दच पटला नाही.

आणखी एक त्यांची खूण म्हणजे गाठ. बाहेरून आणलेल्या प्रत्येक पिशवीचं तोंड ते एका खास गाठीने बांधायचे. कितीही हिसके द्या, सुटायची नाही, पण एक ठरावीक टोक ओढलं की क्षणात मोकळी. लांबून दोरीने उघडता यावी म्हणून ही गाठ. मला ती त्यांनी आठवडाभरात शिकवली. काकूंना चाळीस वर्षांत जमली नाही. त्या पिशवीच्या तोंडाला आपलं रबर लावायच्या. "बोटांना येतच नाही मेली," म्हणायच्या. सुभेदार रबर काढून टाकायचे आणि पुन्हा गाठ मारायचे.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या तिसऱ्या वर्षातलं. माझी मैत्रीण आली होती आणि तिच्यासाठी अवजारांचा कार्यक्रम चालला होता. सुभेदारांनी डोळे मिटले, "आरसा" असं म्हणून हात घातला, आणि बाहेर आली हातोडी. त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ त्या हातोडीकडे बघत राहिले.

"ह्यां कोणी ठेवल्यान?"

"मी ठेवलंय," काकू आतून म्हणाल्या. "झाडताना पडलं होतं. खण चुकला असेल."

मग काकूंना चांगलं दहा मिनिटांचं व्याख्यान मिळालं. खण कशासाठी असतात, अंधारात चुकीचं अवजार हाती आलं तर काय होतं, वगैरे. काकू भांडी विसळत राहिल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसाच्या हातून खण चुकतो.

पण मग काकूंच्या हातून फारच गोष्टी चुकायला लागल्या. सुभेदारांचा ट्रान्झिस्टर गॅलरीत जमिनीवर सापडे. "कोणी ठेवल्यान?" "मी ठेवलंय." चुंबक देवघरात. "मी ठेवलंय." त्यांची चप्पल गच्चीच्या जिन्यात. "मीच ठेवलंय हो, धुवायला नेली होती." दर वेळी सुभेदार लांबूनच वस्तूकडे बघत उभे राहायचे, हात लावायचे नाहीत, एकदा तर स्वतःच्याच मफलरला त्यांनी हूक टाकून ओढलं. काकूंचं उत्तर आलं की मग वस्तू उचलायची आणि काकूंवर तोंड टाकायचं. मला वाटायला लागलं, काकूंचं वय झालं.

एकदा मी घरून काम करत होते. दुपारी सुभेदार टॉर्च घेऊन आले, माझ्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. "ठेवलं" म्हणाले नाहीत, याचंच मला आश्चर्य वाटलं. पंधरा मिनिटांनी परत आले आणि टॉर्चपासून चार हात लांब थबकले.

"ही टॉर्च कोणी ठेवल्यान?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या. त्यांचे हात कणकेत होते, त्या दुपारभर ओट्यापासून हलल्या नव्हत्या. माझ्याकडे बघत त्यांनी फक्त 'नाही' अशी मान हलवली. आणि म्हणाल्या, "मी ठेवलंय."

सुभेदार झोपल्यावर मी आत गेले आणि विचारलं, "काकू, हे कधीपासून?"

"वर्ष होईल." त्या पोळी लाटत होत्या, लाटणं थांबलं नाही. "डॉक्टरांना दाखवलं. माझा गुडघा दाखवायचाय म्हणून घेऊन गेले. डॉक्टरांना मी आधीच फोन करून ठेवला होता. माझा गुडघा दाबत दाबत त्यांनी ह्यांनाच सगळं विचारलं. हळूहळू वाढणार, म्हणाले."

"मग काकांना सांगायला नको?"

आता मात्र लाटणं थांबलं. "काय सांगू? तुम्हाला आठवत नाही म्हणून? अगं, हा माणूस चाळीस वर्षं एकाच गोष्टीवर जगलाय. आपण ठेवलेलं आपल्याला ठाऊक असतं. दुसरं काय आहे त्यांच्याकडे? ते गेलं असं एकदा कळलं ना, तर ते स्वतःला दोरी बांधून कोपऱ्यात बसतील. कशालाच हात लावायचे नाहीत. जेवणालाही." मग पुन्हा पोळी लाटत म्हणाल्या, "मला चार शब्द बोलतात ते बोलू देत. मला काय होतंय?"

मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. "असं किती दिवस चालणार?" मी विचारलं.

"चालतील तेवढे."

त्यानंतर महिन्याभरातला एक रविवार. काकूंचं जुनं गजराचं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं, ते आणायला सुभेदार सकाळीच मुलुंडला गेले. मी गॅलरीत केस वाळवत आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा ते परत येताना दिसले. फाटकाशी बागेचा नळ ठिबकत होता. हातातली पिशवी त्यांनी तिथल्या बाकावर ठेवली, नळ घट्ट बंद केला, दोनदा तपासला, आणि मोकळ्या हाताने जिना चढून वर आले. हे सगळं मी पाहिलं आणि डोक्यात घेतलं नाही. आई एका लग्नाचं सांगत होती.

तासाभराने वॉचमन धावत वर आला. त्याची पाळी नुकतीच सुरू झाली होती. "सुभेदार साहेब, बाकावर कोणाची तरी पिशवी आहे. आतून टिकटिक येतेय."

आता असं बघा, निवृत्त होऊन पंधरा वर्षं हा माणूस याच वाक्याची वाट बघत होता. सुभेदार उठले. लुंगी जाऊन पँट आली, चपला जाऊन बूट आले. गुंडाळी काखेत मारून ते खाली उतरले आणि पाच मिनिटांत सोसायटीचा ताबा त्यांच्याकडे होता. "सगळे पीछे! इमारतीच्या मागे! खिडक्या उघड्या ठेवा! गाड्यांना हात लावायचा नाही!" कोळीणमावशींच्या दोरीने त्यांनी बाकाभोवती लांबून वेढा घातला. सेक्रेटरींना पोलिसांना फोन करायला सांगितलं. सेक्रेटरी आधी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकत होते. "पोलीस येईपर्यंत वस्तूला हात लागणार नाही," सुभेदार म्हणाले. "मी फक्त बघून येतो. पुढे जाणारा एकच." खरं सांगते, त्या वेळी ते इतके देखणे दिसत होते, की सोसायटीतल्या ज्या माणसांनी पंधरा वर्षं त्यांची टिंगल केली तीही सांगितल्याबरोबर मागे सरकली.

ते पंपाच्या खोलीच्या भिंतीआड गेले, अँटेना लांब केली आणि आरसा कोपऱ्याबाहेर काढला.

मी इमारतीच्या कडेला गर्दीत उभी होते. तिथून मान काढल्यावर पिशवी दिसली. जुन्या पडद्याच्या कापडाची, निळ्या फुलांची. ती पिशवी काकूंनी शिवली होती. आणि मग नळ आठवला, बाक आठवला, मोकळे हात आठवले. ओरडून सांगावं, तर सगळ्या सोसायटीसमोर सुभेदारांचं विसरणं उघडं पडणार. न सांगावं, तर पोलीस येणार, पिशवीतून घड्याळ निघणार, ते घड्याळ कोणी आणलं हे दुकानाच्या पावतीवरून कळणार. बॉम्बवाल्या सुभेदारांनी स्वतःच्याच घड्याळाला वेढा घातला, ही गोष्ट नाहूरपासून भांडुपपर्यंत फिरणार. मी काय करायचं? सुभेदार भिंतीआड आरसा धरून उभे होते. खूप वेळ झाला तरी हलेनात. मला वाटलं, विचार करताहेत.

तेवढ्यात जिन्यातून काकू बाहेर आल्या. गाऊनवर टॉवेल, पायात बाथरूमच्या चपला. कोणाकडेही न बघता त्या सरळ दोरीपर्यंत गेल्या, वाकल्या, दोरीखालून पलीकडे गेल्या.

"अगो थांब! थंयच थांब!" सुभेदार ओरडले.

काकू थांबल्या नाहीत. तो गुडघा खरंच दुखणारा होता, त्यामुळे त्या हळूच चालत होत्या. त्यांनी पिशवी सरळ हाताने उचलली, छातीशी धरली आणि गर्दीकडे वळून म्हणाल्या, "माझी पिशवी आहे. घड्याळ आहे माझं. मीच ठेवून विसरले."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी हसलं, कोणी "काय हो काकू, वाट लागली ना आमची" म्हणालं. सेक्रेटरींना तोवर पोलिसांचा नंबर सापडला होता. त्यांनी फोन खिशात घातला आणि सभासदांनी पिशव्या कुठेही ठेवू नयेत अशी नोटीस लावायचं ठरवलं. आणि सुभेदार भिंतीआडून बाहेर आले. त्यांनी सगळ्यांसमोर काकूंना फैलावर घेतलं.

"चाळीस वर्षां तुका सांगतंय! ठेवलं म्हणूक तोंड नाय? एवढ्या माणसांक उन्हात उभी केलंस! डोक्यात काय आसा काय नाय?"

"चुकलं," काकू म्हणाल्या. मान खाली, पिशवी छातीशी.

त्या दिवशी मला सुभेदारांचा जेवढा राग आला तेवढा गाऊनच्या वेळीही आला नव्हता. पुढचे काही महिने जिन्यातल्या बायका काकूंना बघितलं की मनगटावरचं घड्याळ कानाला लावायच्या. काकू त्यांच्याबरोबर हसायच्या. मी दातओठ खात गप्प बसायचे, कारण काकूंनी मला शपथ घातली होती.

मग मला पुण्याला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सुभेदार माझे खोके बांधत होते. चहाचा कप त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता आणि एकेका खोक्याला ते ती त्यांची गाठ मारत होते. आता बोटं जरा अडखळायची, पण गाठ चुकत नव्हती. शेवटचा खोका बांधून झाला तेव्हा स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता. त्याकडे कान देऊन ते हळूच म्हणाले, "ही गाठ किती जणांना येते?"

"तुम्हाला आणि मला."

"तू त्या दिवशी सकाळपासून घरात होतीस." त्यांनी गाठीवर बोट ठेवलं. "आरशात हीच दिसली. ती तर रबर लावते."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग काकूंना एवढं ओरडलात कशाला?"

"नाहीतर लोकांना खरं वाटलं असतं?" ते खोक्यावर बसले. "मी भिंतीआड उभा राहून ओरडणार होतो, माझी पिशवी आहे म्हणून. दोनदा तोंड उघडलं. नाही जमलं गो. लाज वाटली. एवढी माणसं मागे हटवली होती मी. आणि ती आली, बाथरूमच्या चपला घालून." त्यांनी उरलेली दोरी गुंडाळली. "पुढे जाणारा एकच असतो. त्या दिवशी ती गेली. तिने येऊन सांगितलं, माझी आहे. मग मी कोण शंका घेणारा?"

"मग घरातलं बाकीचं? टॉर्च, मफलर?"

"सगळंच नाही कळत," ते म्हणाले. "पण एवढं कळतं, की इतक्या वस्तू ती ठेवत नाही." मग माझं मनगट धरून म्हणाले, "माका कळला म्हणान तिका सांगू नको हां. ती घाबरेल."

मी मान डोलावली. त्या घरातली दोन गुपितं आता माझ्याकडे होती आणि एकाचं गुपित दुसऱ्याला सांगायची मला बंदी होती. मी डोळे पुसले, खोके दाराशी सरकवले. सुभेदार कंबर धरून उठले, खिडकीकडे वळले आणि चार हातांवर थबकले. कट्ट्यावर कप होता. त्यांनी तो दहा मिनिटांपूर्वी माझ्यासमोर ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, हे नाटक नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"ह्यो कप कोणी ठेवल्यान?"

"मी ठेवलंय!" काकू फोडणीच्या आवाजावरून ओरडल्या.

सुभेदारांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मग काकूंना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "बघितलं!" आणि हूक न घेता, सरळ हाताने कप उचलून तो गार चहा पिऊन टाकला.